कंपायलर उघडा, मग देवभाषेचं बोला

श्रावणी पौर्णिमा जवळ आली, संस्कृत दिन आला, की आमच्या साखरखेर्ड्याच्या निम्म्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच जुना मेसेज फिरायला लागतो. संगणकासाठी जगातली सर्वांत योग्य भाषा संस्कृत आहे हे 'नासा'ने मान्य केलंय, अमेरिकेत संस्कृतवर चालणारे संगणक बनतायत आणि आपण करंटे इंग्रजीच्या मागे लागलोय. खाली हात जोडल्याच्या चिन्हांची रांग. पाठवणारा कधी निवृत्त मास्तर असतो, कधी किराणा दुकानदार. अलीकडे मात्र आपल्याच वस्तीतला, बारावी सायन्स झालेला पोरगाही हा मेसेज पुढे ढकलताना दिसतो, आणि ते जास्त टोचतं.

हे फक्त गावातच चालतं असं समजू नका. ऑगस्ट २०१९ मध्ये आयआयटी मुंबईच्या पदवीदान समारंभात तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री रमेश पोखरियाल 'निशंक' यांनी सांगितलं होतं की बोलता-चालता संगणक झालाच तर तो संस्कृतमुळेच होईल, असं नासा म्हणते. समोर देशातली हुशार म्हणवली जाणारी पोरं बसलेली. ज्या आवारात मंत्री हे बोलले, त्याच आवारात प्रा. डी. एम. ढमढेरे यांनी वर्षानुवर्षं कंपायलरवर काम केलं. त्याच आवारात प्रा. उदय खेडकर आपल्या विद्यार्थ्यांकडून सी भाषेच्या एका लहान तुकड्याचा कंपायलर टप्प्याटप्प्याने बांधून घेत आले. तो कंपायलर जे लिहून देतो ते 'स्पिम' नावाच्या नकली प्रोसेसरवर चालतं. म्हणजे संगणक भाषा कशी समजतो, याचं उत्तर त्या आवारात प्रयोगशाळेच्या टेबलावर होतं. व्यासपीठावर मात्र भलतंच चाललं होतं.

या सगळ्याचं मूळ एका लेखात आहे. नासाच्या एम्स केंद्राशी संबंधित असलेले रिक ब्रिग्ज यांनी १९८५ साली 'एआय मॅगझिन'मध्ये तो लिहिला. माणसाच्या वाक्याचा अर्थ यंत्रात कसा साठवायचा, हा त्यांचा विषय. संस्कृत वैयाकरणांनी कर्ता, कर्म, करण वेगळं काढून वाक्याची चिरफाड करण्याची जी काटेकोर पद्धत बसवली, ती कृत्रिम बुद्धिमत्तेतल्या अर्थाच्या जाळ्यांशी जुळते, असं त्यांनी मांडलं. लेख वाचण्यासारखा आहे. पण त्यात कंपायलर नाही, प्रोसेसर नाही, संस्कृतमध्ये लिहिलेला एका ओळीचा चालता प्रोग्रॅम नाही. एका माणसाने एका मासिकात लिहिलेला लेख म्हणजे नासाचा ठराव कसा काय झाला, हे मेसेज पाठवणाऱ्यांना कधी कोणी विचारत नाही.

आपली माणसं याला दोन प्रकारे उत्तर देतात. काही जण शिव्या घालतात. काही जण म्हणतात, संस्कृतहून पाली जुनी, तेव्हा संगणकाची खरी भाषा पालीच. मला दुसरं उत्तर पहिल्याहून जास्त खटकतं. एक देवभाषा उठवून तिथे आपली देवभाषा बसवायची, ही कोणती धम्मक्रांती? विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेले दोन भिक्खू बुद्धांकडे येतात आणि म्हणतात की निरनिराळ्या कुळांतले भिक्खू तुमची वचनं आपापल्या बोलीत सांगून बिघडवतात, आपण ती छंदस् भाषेत बसवू या. बुद्ध त्यांना फटकारतात आणि वचनं आपापल्या बोलीत शिकायला मोकळीक देतात. त्या बुद्धाचे अनुयायी म्हणवणाऱ्यांनी पालीला संगणकाच्या सिंहासनावर बसवायला निघावं, हे मला पटत नाही. या थापेला उत्तर द्यायचं तर कंपायलर उघडायला हवा, त्याच्या आत हात घालायला हवा आणि त्यात बदल करून दाखवायला हवा.

मी समाजशास्त्रात एम.ए. केलेली बाई. तुझा नि कंपायलरचा काय संबंध, असं मला आपल्याच कार्यकर्त्यांनी विचारलंय. संबंध असा की कंपायलर ही साध्या मजकुराची फाइल असते, आणि मजकूर वाचायला मला येतं.

आमच्या विहारात रविवारी दुपारी दोन जुने संगणक लावतो. विंडोज काढून लिनक्स टाकलंय, कारण लिनक्सला पैसे लागत नाहीत आणि जुन्या यंत्रावरही ते चालतं. वस्तीतलीच एक मुलगी पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग शिकते. तिच्या तिसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलपासून सुरुवात करून तिने एक छोटा संच बांधला. त्यात एक इवलासा कंपायलर, एक असेम्बलर आणि एक नकली प्रोसेसर, ज्याला सिम्युलेटर म्हणतात. सगळं मिळून हजार ओळींच्या आत. संच उभा करायला सी भाषेचा कंपायलर, 'फ्लेक्स' आणि 'बायसन' एवढंच लागतं. तिन्ही फुकट, तिन्ही एका आज्ञेत उतरतात. पहिल्याच दिवशी 'वायवायरॅप सापडत नाही' म्हणून संगणक अडून बसला होता. फ्लेक्सच्या फाइलीत वर एक ओळ घातली की ती कटकट संपते. पण ती ओळ कुठे घालायची हे आपल्याला सांगणारं वस्तीत कोणी नसेल, तर तिथेच आपला संगणकाचा प्रवास संपतो. आपल्या किती पोरांचा असा संपला असेल!

हा नकली प्रोसेसर आमच्या मुलीच्या डोक्यातून आलेला नाही. प्रा. ढमढेऱ्यांच्या 'सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग'च्या पुस्तकात शिकवण्यासाठी रचलेलं एक काल्पनिक यंत्र आहे. पुणे विद्यापीठात कॉम्प्युटर शिकलेला क्वचितच कोणी त्याला ओळखत नसेल. चार रजिस्टर, एरेग ते डीरेग. अकरा सूचना: ०० म्हणजे थांब, ०१ बेरीज, ०२ वजाबाकी, ०३ गुणाकार, ०४ म्हणजे मेमरीतून रजिस्टरमध्ये आण, ०५ म्हणजे रजिस्टरमधून मेमरीत ठेव, ०६ तुलना, ०७ उडी, ०८ भागाकार, ०९ वाच, १० छाप. संपलं. खऱ्या प्रोसेसरमध्ये सूचना शेकड्यांनी असतात, पण जात तीच.

आता प्रयोग ऐका. कंपायलरचा पहिला भाग म्हणजे स्कॅनर. तो प्रोग्रॅमची अक्षरं वाचतो आणि शब्द ओळखतो. स्कॅनरच्या फाइलीत एक ओळ असते: 'इफ' दिसला की अमुक क्रमांकाचं टोकन परत कर. आम्ही त्या ओळीतला 'इफ' खोडला आणि 'जर' लिहिलं. 'एल्स'च्या जागी 'नाहीतर'. पुन्हा बांधलं, चालवलं. चाललं! सातवीतली एक पोरगी म्हणाली, 'ताई, हे एवढंच?' हो, एवढंच. इंग्रजी 'इफ' यंत्रासाठी १०५ आणि १०२ असे दोन आकडे आहेत. आपला 'जर' म्हणजे २२४, १६४, १५६, २२४, १६४, १७६ असे सहा, कारण युनिकोडच्या रूढ साठवणीत देवनागरीचं एक अक्षर तीन बाइट घेतं. स्कॅनरला या आकड्यांची ओळ जुळवायची असते. जुळली की तो पुढच्या भागाला टोकनचा क्रमांक देतो, आणि तिथून पुढे 'जर' हा शब्द संपूर्ण यंत्रात कुठेही उरत नाही.

मग आम्ही 'जर' काढून संस्कृतचा 'यदि' टाकला. मग पालीचा 'सचे'. मग उर्दूतला 'अगर'. दर वेळी तोच प्रोग्रॅम त्या त्या शब्दाने लिहिला आणि कंपायलरने बाहेर काय दिलं ते वेगळ्या फाइलीत ठेवलं. 'अ हा ब पेक्षा मोठा असेल तर' या अटीचं यंत्रभाषेतलं रूप आलं: ०४ १ ११३, ०६ १ ११४, ०७ २ ११०. अ उचल, ब शी तुला, लहान किंवा समान असेल तर ११० वर उडी मार. चारही फाइली 'डिफ' या आज्ञेपुढे ठेवल्या. ही आज्ञा दोन फाइलींतला फरक दाखवते, फरक नसला तर गप्प राहते. ती गप्प राहिली. एका आकड्याचाही फरक नाही.

नासाच्या नावाने फिरणारी थाप एवढ्यात कोसळते. यंत्राला भाषा नसते. त्याच्या लेखी मराठीचा 'जर' आणि संस्कृतचा 'यदि' यांचं गोत्रही एकच, कारण युनिकोडमध्ये मराठी, हिंदी, संस्कृत, नेपाळी सगळ्यांची अक्षरं देवनागरीच्या एकाच वस्तीत राहतात. कोणत्या भाषेसाठी ती वापरली, हे प्रोसेसर कधी विचारत नाही.

व्हेरिएबलच्या नावांचंही तसंच. पोरांना हे समजावताना मी आमच्या गावाचंच उदाहरण देते. १७२४ साली इथे लढाई झाली. निजाम-उल-मुल्कने मुबारिझ खानाला हरवलं आणि विजय झाला म्हणून गावाचं नाव फत्तेखेर्डा करून टाकलं. लोक साखरखेर्डाच म्हणत राहिले. नाव काहीही घ्या, गाव जागचं हललं नाही. असेम्बलर असाच एक तक्ता ठेवतो, त्यात नाव आणि पत्ता. एकदा पत्ता बसला की नाव फेकून देतो.

यावर संस्कृतवाल्यांचं शेवटचं म्हणणं उरतं की संस्कृतमध्ये संदिग्धता नाही, एका वाक्याचा एकच अर्थ निघतो, म्हणून ती यंत्राला सोयीची. ज्या भाषेत श्लेष हा अलंकार मानला गेला, तिच्याबद्दल हे बोलायचं? कविराजाचं 'राघवपांडवीय' हे काव्य एकाच वेळी रामायणही सांगतं आणि महाभारतही. एका ओळीचे दोन अर्थ काढून दाखवणं हीच तिथे कवीची शर्थ होती. काव्य म्हणून ते अफाट असेल, पण यंत्राला असलं वाक्य दिलं तर ते काय करील? शब्दक्रम मोकळा असणं हाही गुण म्हणून सांगतात. ज्याने एकदा बायसनची फाइल पाहिली आहे तो हसेल. तिथे कशानंतर काय येईल हे ठरवूनच लिहावं लागतं. क्रम मोकळा सोडला की काम हलकं होत नाही, वाढतं.

बायसनने आम्हाला एक फार चांगला धडा दिला. 'जर पाऊस थांबला, जर एसटी आली तर मेहकरला जाऊ, नाहीतर घरी बसू.' यातलं 'नाहीतर' पहिल्या 'जर'चं की दुसऱ्या? असं व्याकरण दिलं की बायसन तक्रार करतो, म्हणतो इथे दोन वाटा आहेत. मग स्वतःच ठरवतो की जवळच्या 'जर'ला जोडतो. हा नियम आकाशातून पडला नाही. माणसांनी ठरवला, आणि तुम्ही फाइल बदलून तो वेगळा ठरवू शकता. आमच्या रविवारच्या पोरांनी यावर तासभर भांडण केलं. मला वाटतं, नियम कोणी केला हा प्रश्न या पोरांनी नियमाच्या फाइलीत बोट घालून विचारलेला मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला.

पाणिनीबद्दलही बोलून घेते, नाहीतर मला कोणी तरी संस्कृतद्वेष्टी ठरवेल. पाणिनी थोर होता. सुमारे चार हजार सूत्रांत एका भाषेचं व्याकरण बसवणं हे जगात दुसऱ्या कोणाला तेव्हा जमलेलं नव्हतं. प्रोग्रॅमिंग भाषांचं व्याकरण लिहिण्याची जी पद्धत बॅकस आणि नाउर यांच्या नावाने १९६० च्या सुमारास रूढ झाली, तिला पाणिनीचंही नाव द्यावं असं पत्र इंगरमन नावाच्या अभ्यासकाने १९६७ साली संगणकशास्त्राच्या एका मोठ्या नियतकालिकात लिहिलं होतं. खुशाल द्यावं. पण ते नाव व्याकरण लिहिण्याच्या रीतीला द्यायचं होतं, संस्कृत भाषेला प्रोसेसरमध्ये बसवा असं त्यात कुठे आहे? आणि पाणिनीचा अभिमान मिरवणाऱ्यांनी एवढं सांगावं की ती सूत्रं वाचायची परवानगी कोणाला होती? एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या भीमरावाला संस्कृत घेऊ दिलं नाही, त्याला फारसी घ्यावी लागली. पुढे बाबासाहेबांनी स्वतःच्या जिद्दीने संस्कृत वाचलं. लगेच कोणी तरी १९४९ सालची बातमी काढतो की संस्कृतला राजभाषा करण्याच्या दुरुस्तीला बाबासाहेबांचा पाठिंबा होता. होता. हिंदीवरून उत्तर-दक्षिण भांडण पेटलेलं असताना राजभाषा कोणती करावी, हा घटना समितीतला राजकीय प्रश्न होता. यंत्राला कोणती भाषा कळते याचा त्याच्याशी काय संबंध?

इथपर्यंत लढाई सोपी होती, थाप उघडी पाडायची होती. माझं खरं भांडण पुढे आहे, आणि ते आपल्याशीच आहे.

२००१ पासून महाराष्ट्रात एमएस-सीआयटी चालू आहे. सरकारी नोकरीच्या जाहिरातीत ते किंवा त्याच्या तोडीचं प्रमाणपत्र मागतात, म्हणून आपल्या पोरापोरींनी रांगा लावून ते मिळवलं. घराघरांत भिंतीवर ते प्रमाणपत्र आहे. त्यात काय शिकवतात? फाइल उघडा, टाइप करा, तक्ता भरा, छापा. वाईट नाही, मी स्वतः शिकले, त्यावर माझं काम चालतं. पण वीस-पंचवीस वर्षं आपण संगणक साक्षरता म्हणजे एवढंच समजत राहिलो. आपल्या नेत्यांनी जयंतीला टॅबलेट वाटले, टाळ्या घेतल्या. यंत्राच्या आत काय आहे हे कोणी उघडून दाखवलं नाही.

बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'त मांडलंय की जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रम करणाऱ्यांचीच विभागणी आहे, आणि तीही एकावर एक चढवलेली. आता संगणकाच्या धंद्याकडे बघा. वर प्रोसेसर रचणारे. त्याखाली कंपायलर लिहिणारे. त्याखाली प्रोग्रॅम लिहिणारे. त्याखाली तो वापरून माहिती भरणारे, आणि तळाला इमारतीच्या दारात वॉचमन म्हणून उभे असणारे. आमच्या गावातून पुण्याला आणि छत्रपती संभाजीनगरला गेलेल्या पोरांची गाडी यातल्या शेवटच्या दोन पायऱ्यांवर थांबते. एखादं दुसरं तिसऱ्या पायरीवर पोचतं, त्याचा आपण सत्कार करतो, फेटा बांधतो. वरच्या दोन पायऱ्यांची आपल्याला कल्पनाच नाही. आणि जिथे कल्पना नाही तिथे मागणीही नाही. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने सेमीकंडक्टरसाठी ७६ हजार कोटी रुपयांची योजना जाहीर केली. आयआयटी मद्रासचा 'शक्ती', आयआयटी मुंबईचा 'अजित' असे देशी प्रोसेसर झाले. सार्वजनिक पैशाच्या या कामात आपला वाटा किती, असा प्रश्न आपल्या एका तरी मोर्चाच्या निवेदनात कधी होता का?

इंजिनिअरिंगला पोचलेल्यांचं काय, असं कोणी म्हणेल. त्या मुलीचाच अनुभव सांगते, कॉलेजचं नाव नको. ढमढेऱ्यांच्या यंत्राचा असेम्बलर लिहा, असं प्रॅक्टिकल होतं. निम्म्याहून जास्त वर्गाने मागच्या वर्षीची फाइल उतरवली. सही मिळाली. ही मुलगी सरांना विचारायला गेली की हे यंत्र चालवून बघता येईल का, तर उत्तर मिळालं, 'तुला पास व्हायचंय ना? मग फाइल पूर्ण कर.' तिला स्कॉलरशिपवाली म्हणून आधीच ओळखत होते. उतरवलेल्या असेम्बलरवर सही मारणारी ही व्यवस्था वरच्या जातीच्या पोरांनाही अडाणी ठेवते, हे खरं. पण त्या पोरांच्या घरात विचारायला मामा-काका असतात. आपल्या पोरांना त्या सहीनंतर तो दरवाजा कायमचा बंद होतो.

म्हणून आमच्या विहारात आम्ही वापरण्यापुरते थांबत नाही, बदल करायला लावतो. शब्द बदलणं ही बालवाडी झाली. खरा बदल पुढचा: या यंत्रात बाकी काढायची सूचना नाही, ती घाला. सूचनांचे क्रमांक १० वर संपतात, आपण ११ घेऊ. पोरांनी असेम्बलरच्या तक्त्यात नवं नाव आणि ११ लिहिलं. चालवलं, तर सिम्युलेटर ११ वर येऊन ठप्प, कारण त्याला ११ म्हणजे काय हे कोणी सांगितलेलंच नव्हतं. मग सिम्युलेटरच्या मुख्य फेऱ्यात, जिथे क्रमांक बघून काम ठरतं, तिथे तीन ओळी वाढवल्या. चाललं. तरी कंपायलर ती सूचना कधी वापरीना, कारण त्याच्या व्याकरणात टक्क्याचं चिन्हच नव्हतं. म्हणजे एक नवी गोष्ट खरी व्हायला तीन ठिकाणी नोंद लागते. एका ठिकाणी राहिली तरी ती कागदावरच. आरक्षणाचा शासननिर्णय आणि बिंदुनामावली यांचं नातं ज्याला माहीत आहे त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग एका पोराने विचारलं, नवी सूचना कशाला पाहिजे? भागाकार करा, गुणा, वजा करा, बाकी निघते की. बरोबर आहे! खऱ्या जगातही हाच वाद आहे. एआरएमच्या सुरुवातीच्या प्रोसेसरमध्ये भागाकाराची सूचनाच नव्हती. ते काम सॉफ्टवेअरवर टाकलेलं होतं. यंत्र साधं ठेवायचं आणि कंपायलरला राबवायचं, की यंत्रातच सोय करायची, हा निर्णय कोणी तरी बसून घेतो. कोणाच्या अंगावर काम टाकायचं याचे निर्णय जिथे होतात, त्या खोलीत आपलं पोर असायला हवं, एवढंच माझं म्हणणं.

लोक म्हणतात, ताई, पोट आधी. डेटा एंट्रीची नोकरी मिळाली तरी घर चालतं, तुमच्या नकली प्रोसेसरवर कोण पगार देणार? आपले सरकार सेवा केंद्रात बसून फॉर्म भरणाऱ्या पोराला मी कधीच नावं ठेवणार नाही. पण कुलूप दुसऱ्याकडे आणि किल्ली फिरवण्याचं काम आपल्याकडे, हे किती पिढ्या चालवायचं? शिवाय आता एआय फॉर्मही भरतं आणि तक्तेही करतं. सगळ्यांत आधी कोणाच्या खुर्चीवर गदा येणार ते उघड आहे.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो. मराठी शब्दांचा कंपायलर झाला, आता सगळं मराठीतच करू, असं काही उत्साही मंडळी म्हणतात. नको. 'जर' टाकणं हा पहिल्या रविवारचा खेळ आहे, भीती जाण्यासाठी. चौथ्या रविवारी आम्ही परत 'इफ' लावतो. जगातला कोड इंग्रजीत आहे, पोरांना तो वाचता आला पाहिजे. सावित्रीबाईंनी इंग्रजी शिका म्हणून कविता लिहिल्या त्याला दीडशे वर्षं होऊन गेली. समजावून मात्र मराठीत सांगावं लागतं. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'मध्ये सी आणि लिनक्सचे धडे मराठी आवाजात फुकट आहेत. आपल्या किती अभ्यासिकांमध्ये ते लावले जातात? अभ्यासिका म्हटलं की एमपीएससीची पुस्तकं आणि पंखा, यापुढे आपण गेलो नाही.

आणि हे सगळं उघडं पडलंय, हे लक्षात घ्या. फ्लेक्स, बायसन, जीसीसी, स्पिम यांचा आतला मजकूर कोणीही वाचावा, बदलावा, वाटावा, अशी त्यांच्या परवान्यातच मुभा आहे. १९२३ साली मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळं खुलं केलं. कागदावर. तरी तीन वर्षं तळ्याचं पाणी आपल्या ओंजळीत आलं नाही, २० मार्च १९२७ ला बाबासाहेब माणसं घेऊन पायऱ्या उतरेपर्यंत. महाडला काठ्या पडल्या होत्या. इथे काठी घेऊन कोणी उभं नाही. तरी काठावर आपण नाही, आणि याचं खापर प्रत्येक वेळी मनुवाद्यांवर फोडता येणार नाही.

तेव्हा संस्कृतचा मेसेज पाठवणाऱ्यांना माझं जाहीर आमंत्रण आहे. रविवारी दुपारी दोन वाजता, साखरखेर्ड्याच्या विहारात या. स्कॅनरची फाइल उघडी असते. संस्कृतचे तुम्हाला हवे ते शब्द टाका, हवं तर मंत्रातले टाका, बांधा, चालवा आणि बाहेर आलेले आकडे आमच्या मराठीच्या आकड्यांशेजारी ठेवा. डिफची आज्ञा तुम्हीच द्या. आणि आपल्या वस्त्यांतल्या ज्या कार्यकर्त्यांना हा संच त्यांच्या अभ्यासिकेत लावायचा असेल, त्यांनी येताना पेनड्राइव्ह आणा. चार जीबीचा पुरतो, त्यातली बहुतेक जागा लिनक्सलाच लागते.

जयभीम.